आमचे विशेष प्रतिनिधी कळवतात

१० फेब्रुवारी, सकाळी

आजपासून रोजनिशी. जगात काय चाललं आहे याचा विचार करणारा नागभीडमध्ये मी एकटाच उरलो आहे. विचार तोंडी ठेवले तर पत्रूच्या टपरीवर चहाबरोबर थंड होतात, म्हणून वही.

नियम पहिला. दोन स्वतंत्र सूत्रांचा दुजोरा मिळाल्याशिवाय कोणतीही बातमी खरी मानायची नाही.

नियम दुसरा. देशांची नावं लिहायची नाहीत. वही कोणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही. जो देश चोरून अस्त्र बनवतो आहे म्हणून सगळे चॅनल बोंबलताहेत, तो 'ठिकाण अ'. त्याच्या समोर, समुद्राच्या अलीकडे, जिथे आमचा धनराज वेल्डर म्हणून गेला आहे, ते 'ठिकाण ब'.

नियम तिसरा. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद.

११ फेब्रुवारी

खर्रा उद्यापासून बंद.

१२ फेब्रुवारी

पत्रूच्या टपरीवर वाद. टीव्हीवरची बाई सांगत होती की ठिकाण अ चं अस्त्र पंधरा दिवसांत तयार होणार. भैयाजी तोंड उघडं टाकून ऐकत होता. हा माणूस पोस्टातून रिटायर झाला, पण अजून येईल ते टपाल घेतो.

मी विचारलं, हिला कोणी सांगितलं? भैयाजी म्हणाला, सूत्रांनी. मी म्हटलं, त्या सूत्राचं नाव-गाव? मागच्या वर्षीही पंधराच दिवस उरले होते. कोणतं कॅलेंडर वापरतात हे लोक? यावर भैयाजी म्हणाला, शालिकभाऊ, इतकी मोठी बाई खोटं काऊन बोलन?

मी तीस वर्षं नागभीड स्टेशनवर पेपरची एजन्सी चालवली. बातमी म्हणजे काय ते मला शिकवू नये. वीस-बावीस वर्षांपूर्वी अशाच एका देशाकडे संहारक शस्त्रं आहेत म्हणून पहिल्या पानावर आठ कॉलम छापून आले होते. गठ्ठे फोडताना बोटं काळी झाली. त्या दिवशी एक कॉपी उरली नाही. युद्ध झालं, देश बेचिराख झाला. मग कधीतरी आतल्या पानावर, पंपसेटच्या जाहिरातीखाली, चार ओळी आल्या की शस्त्रं सापडली नाहीत. आठ कॉलम सगळ्या गावाने वाचले. चार ओळी मी एकट्याने वाचल्या.

त्या दिवसापासून माझा कोणावर विश्वास नाही. पुढे मोबाइल आले, एजन्सी बसली. आता लोकांना खोटं फुकट मिळतं, विकत कोण घेणार?

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी

धनराजचा फोन. तिकडे व्हॉट्सअॅपचे कॉल चालत नाहीत, म्हणून एरवी तो आवाज रेकॉर्ड करून पाठवतो. आज कोणाच्या तरी फोनवरून सरळ कॉल केला. म्हणाला, बाबा, काल आमच्या कॅम्पाच्या मांगं काईतरी पडलं. खिडकीचे काच गादीवर आले. कंपनी जाऊ देऊन राह्यली, मी वापस येतो.

मी विचारलं, काय पडलं? मालूम नाई. कोणी टाकलं? मालूम नाई. मग तुला मालूम तरी काय आहे? म्हणाला, मले भेव लागून राह्यलं, इतकं मालूम आहे.

याला बातमी म्हणत नाहीत. तरी मी कर्तव्य म्हणून तपास केला. सगळे चॅनल फिरवले, तिन्ही पेपर चाळले. ठिकाण ब मध्ये काही पडल्याचा कुठेही उल्लेख नाही. इतके चॅनल, इतके वार्ताहर, आणि एकालाही दिसलं नाही? म्हणजे पडलेलं नाही. त्याला हे शांतपणे समजावून सांगितलं. अफवेवर नोकरी सोडायची नसते. एसटी स्टँडच्या चौकात त्याचा फ्लेक्स लागला आहे, 'परदेशात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', खाली शुभेच्छुकांत माझं नाव, फोटोसहित. अजून रंगसुद्धा उडालेला नाही.

आवाज बसला होता पोराचा. मधूनमधून नाक ओढत होता. एसीत झोपतात, दुसरं काय. म्हटलं, सर्दीची गोळी घे.

१७ फेब्रुवारी

बायको देवका सकाळपासून भांडी आपटते आहे. म्हणते, पोरगं रडून राह्यलं होतं आन् तुमी त्याले गोळी सांगतल्ली. सूनबाई आचलचंही तेच म्हणणं, की रडत होता.

पण दोघी एकाच स्पीकरवर ऐकत होत्या. म्हणजे सूत्र एकच धरावं लागेल. शिवाय 'रडत होता' हे अनुमान झालं. 'नाक ओढत होता' हे निरीक्षण.

१९ फेब्रुवारी

पुन्हा धनराज. मागे कोणा बाईची इंग्रजीतून घोषणा चालू होती, माणसांची गर्दी, चाकांच्या बॅगा ओढल्याचे आवाज. मॉलमध्ये असावा. ज्या शहरात लोक मॉलमध्ये फिरतात तिथे युद्ध नसतं, हा एक मुद्दा नोंदवून ठेवतो.

त्याने विचारलं, बाबा, मी आलो तं तुमाले चालन का? मी म्हटलं, तीन महिन्यांत परत आलास तर चौकात मी काय तोंड दाखवू? अस्त्र नाही, बॉम्ब नाही, सगळी चॅनलवाल्यांची पोटं भरायची सोय. मागे त्या बाईची घोषणा पुन्हा झाली, ती त्याने ऐकून घेतली. मग बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

पोरगं समजूतदार आहे. मुद्दा पटला की वाद घालत नाही.

२२ फेब्रुवारी

आचल भावाकडे घुग्घुसला गेली, थोडे दिवस राहते म्हणाली. भाऊ देवानंद तिथल्या कोळशाच्या खाणीत कामाला आहे. देवकाने जी पिशवी भरून दिली ती दोन माणसांना उचलेना. लाखोळीची डाळ, मोहाचे लाडू, धनराजचे दोन शर्ट, धनराजची चप्पल. विचारलं तर म्हणाली, देवानंदले होते ते. होईलही. बारीकसारीक गोष्टींत मी पडत नाही.

देवकाचा मूड आज एकदम चांगला. वड्याची भाजी केली होती. माझं म्हणणं तिला उशिरा का होईना पटलं.

२६ फेब्रुवारी

विजय! धनराजचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. बाबा, इथी सगळं शांत आहे. काई पडत नाई, काई फुटत नाई. काम भेटून राह्यलं, जेवण बरं आहे. काळजी करू नका.

आणि याच वेळी टीव्हीवर ती बाई ठिकाण ब च्या नकाशावर लाल गोल काढत होती!

लगेच पत्रूकडे जाऊन सगळ्यांना निरोप ऐकवला. मी म्हटलं, तुमची बाई दिल्लीत गार हवेत बसली आहे. माझा माणूस तिथे जागेवर उभा आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सगळ्यांनी कपात डोकं घातलं. पत्रू तर तोंड फिरवून किटली घासत बसला. किटली घासलेली मी त्याच्याकडे प्रथमच पाहिली.

१ मार्च

व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. नाव 'दुजोरा'. अॅडमिन मी. उद्देश: परदेशी अस्त्रांविषयीच्या बातम्यांची खातरजमा. पहिलं बातमीपत्र दुपारी पाठवलं. 'आमचे विशेष प्रतिनिधी ठिकाण ब येथून कळवतात की परिस्थिती पूर्णपणे शांत असून नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.'

भैयाजीने अंगठा पाठवला. तासाभराने हसून डोळ्यांतून पाणी येणारं तोंड पाठवलं. बहुतेक चुकून दाबलं गेलं असावं, त्याला चष्मा बदलायला सांगितलं पाहिजे.

खर्रा आज फक्त एक. ग्रुप सुरू झाल्याच्या आनंदात.

४ मार्च

देवकाने स्टँडवरून खर्रा आणायला सांगितला. ही बाई आयुष्यभर माझ्या खर्र्यावरून भांडली! कोणासाठी म्हणून विचारलं. म्हणाली, घुग्घुसले माणूस चालला आहे, त्याच्यापाशी देवानंदसाठी पाठवाचा आहे.

देवानंद गळ्यात माळ घालतो, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. त्यानेही खर्रा सुरू केला म्हणजे तिकडची हवाच वाईट. धनराज तिथून लांब आहे ते बरं. त्याला या नादातून सोडवायलाच मी परदेशाचा आग्रह धरला होता.

७ मार्च, दुपारी

आजचा दिवस ऐतिहासिक. दुपारी धनराजचा निरोप आला, नेहमीचाच. शांत आहे, गरमी लय आहे, पंखा बी गरम हवा फेकते. थोडा खोकला. मागे एका ट्रकने हिंदी गाण्याच्या चालीवर हॉर्न वाजवला. भारतीय ड्रायव्हर कुठे म्हणून नाही? पण निरोप संपता संपता भोंगा वाजला. तीनदा. मग थोडा वेळ काही नाही, आणि मग जमिनीतून आल्यासारखा 'धप्प'. धनराज घाईघाईने म्हणाला, ते काई नाई बाबा, ते रोजचंच आहे. आणि बंद केलं.

मी हा आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. कानाला फोन लावून, तांब्यात फोन ठेवून, सगळ्या प्रकारे. निष्कर्ष:

भोंगा आधी वाजला, म्हणजे स्फोट पूर्वनियोजित. हल्ला करणारा भोंगा वाजवून येत नाही. त्यानंतर पळापळ नाही, ओरडा नाही. 'रोजचंच आहे', म्हणजे नियमित चाचणी. आवाज खोल आणि जड, म्हणजे जमिनीखालून. सारांश, ठिकाण ब स्वतःच्या संरक्षणासाठी भूमिगत चाचण्या घेत आहे आणि जगातल्या एकाही वृत्तसंस्थेला याचा पत्ता नाही.

फक्त 'दुजोरा'ला आहे.

संध्याकाळी

टपरीवर ध्वनिफीत ऐकवली. भैयाजी, पत्रू आणि मोटरसायकलवरून आलेला कोणी एक, पापण्यांपर्यंत काळा, शिफ्ट करून घरी चाललेला. भोंगा वाजला आणि त्या काळ्या माणसाच्या नाकातून चहा बाहेर आला. तो काही बोलणार तेवढ्यात भैयाजीने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला बाजूला नेलं. परत आला तो माणूस माझ्याकडे बघेचना. कोळसा उपसणाऱ्याला क्षेपणास्त्रांतलं काय कळणार म्हणून मीही सोडून दिलं.

पत्रू मात्र एक म्हणाला, काखेत कळसा आन् गावाले वळसा. मी म्हटलं, अगदी बरोबर, वृत्तसंस्थांचं हेच झालं आहे. तो पुन्हा किटली घासायला लागला.

१० मार्च

भूमिगत चाचण्यांविषयी तिन्ही पेपरांना पत्रं पाठवली. सूत्राचं नाव गुप्त ठेवलं. सूत्राला धोका होऊ शकतो.

१४ मार्च, धुळवड

आचल सणाला आली. तिने आणलेले कपडे देवका धुवायला बसली, तर मोरीतून शाईसारखं पाणी वाहिलं. त्यात पुरुषाचा शर्ट होता, खांद्यावर बारीक बारीक भोकं, ठिणग्या उडाल्यासारखी. देवानंदची बायको काय करते, त्याचे कपडे आमच्या घरी धुवायला येतात! बोललो नाही. सणाचा दिवस.

आचलच्या अंगावर मात्र तेज आलं आहे. नवरा परदेशात असलेल्या बाईने इतकं खूश दिसू नये असं मला वाटलं, पण हा विषय परराष्ट्र धोरणाबाहेरचा आहे.

धनराजला विचारलं, धुळवड खेळलास का? उत्तर आलं, हाव बाबा, काळा रंग.

२१ मार्च

चौकातला फ्लेक्स नाही! बांबूसकट गेला. पत्रू म्हणतो, हवेनं उडाला असन. वारं नाही, वादळ नाही, झाडाचं पान हललं नाही आठवडाभर. देवकाला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं. हिला प्रतिष्ठा म्हणजे काय ते कधी कळलंच नाही.

नवीन फ्लेक्स छापायला टाकणार. या वेळी मजकूर बदलून: 'विशेष प्रतिनिधी'.

२७ मार्च

पेपरवाल्यांकडून उत्तर नाही. सत्य छापायला धाडस लागतं. आमच्या जिल्ह्यातल्या पानावर आज काय, तर दुधी भोपळा साडेचार फुटांचा.

फ्लेक्सचं काम पुढच्या आठवड्यात. खर्र्याचंही.

९ एप्रिल, सकाळी

टीव्ही म्हणतो ठिकाण ब वर रात्री क्षेपणास्त्रं पडली. ठिकाण अ ने टाकली. कामगारांच्या कॅम्पाजवळ आगी. मोठी आग दाखवत आहेत, काळा धूर, माणसं पळताहेत.

खोटं आहे. ही क्लिप मी मागच्या वर्षी पाहिली आहे. डावीकडून निळा पाण्याचा टँकर जातो, मग एक माणूस डोक्यावर सतरंजी घेऊन पळतो. तेव्हा ती दुसऱ्याच देशाच्या नावाने दाखवली होती. मी फोनमध्ये शोधून काढली. तोच टँकर, तीच सतरंजी. भैयाजीला दाखवली. तो म्हणाला, हाव शालिकभाऊ, हे तं तुमचं बरोबर निंगालं.

बातमीपत्र पाठवलं. 'सदर दृश्यं जुनी असून...'

धनराजला निरोप पाठवला. एक टिक. अजून पोचला नाही.

दुपारी

एकच टिक.

४ वाजता

क्लिप जुनी आहे, यात शंका नाही. पण क्लिप जुनी असली म्हणजे आग नवी नसेलच असं नाही. हे मला आधी सुचलं नव्हतं. खोटा फोटो लावूनसुद्धा खरी बातमी देता येते. आणि फेब्रुवारीत कॅम्पामागे काही पडलं होतं तेव्हा कोणीच काही दाखवलं नव्हतं. तेव्हा मी म्हटलं होतं, दाखवलं नाही म्हणजे पडलं नाही. आयुष्यभर ज्यांच्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही, त्यांच्या गप्प बसण्यावर मी विश्वास ठेवला.

हे लिहायला नको होतं. दुपारी ऊन लागलं आहे.

एक टिक.

१० एप्रिल

कोणी आलं नाही. कालपासून बातमी चालू आहे, माझा मुलगा तिथे आहे, आणि या गावातलं एक माणूस दारात आलं नाही. कोणाची म्हैस मेली तरी ही माणसं रांगेने बसायला येतात. पत्रूच्या टपरीवर गेलो तर त्याने विचारलं, साखर कमी टाकू का? बस, इतकंच. भैयाजीने पोराचं नावही काढलं नाही. परदेशात गेलेला मुलगा यांच्या डोळ्यांत खुपत होता, तो असा बाहेर आला.

देवकाने पोटभर जेवण केलं. दुसऱ्यांदा भात घेतला. मला म्हणाली, जेवा. मी म्हटलं, तुला काही वाटतं की नाही? म्हणाली, तुमीच तं म्हणता टीव्ही खोटा आहे. मंग जेवा. ताटावर बसलो, पण भात कालवायचं सोडून टिक बघत राहिलो. तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग ताट उचलून आत गेली.

भीती वाटते. हे मी कोणाला सांगणार? गेले दोन महिने मीच सगळ्यांना सांगतो आहे की भ्यायचं कारण नाही.

दुपारी धनराजला निरोप पाठवला, माझ्या आवाजात. एवढंच बोललो. धनराज, वापस ये. चौकाचं मी बघतो. तू ये.

एक टिक.

११ एप्रिल, सकाळी

घुग्घुसला जातो आहे. आचल तिथे भावाच्या घरी टीव्हीसमोर बसली असेल. पोरीला हे परक्यांच्या तोंडून कळायला नको. मी घेऊन येतो. देवका म्हणाली, जाऊ नका, ऊन लय आहे. मग म्हणाली, मी फोन करून सांगतो त्यायले. मी म्हटलं, काही सांगू नकोस, मी स्वतः सांगेन. ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, जाच आहे तं दुपट्टा बांधून जा. माझी कॉलर सरळ केली. तीन-चार वर्षांत केली नव्हती.

११ एप्रिल, संध्याकाळी, परतीच्या गाडीत

लिहितो.

चंद्रपूरला उतरलो, घुग्घुसचा ऑटो धरला. रस्त्यावर ट्रकांची रांग, धूळ एवढी की समोरचा माणूस दिसेना. देवानंदच्या खोलीच्या अलीकडे ऑटो सोडला आणि चालायला लागलो.

भोंगा वाजला. तीनदा.

मी रस्त्यात उभा राहिलो. आजूबाजूला कोणी मान वर केली नाही. एक बाई दोरीवर कपडे टाकत होती, ती टाकत राहिली. थोडा वेळ काही नाही. मग पायाखालून 'धप्प'. पाठीमागून एक ट्रक हिंदी गाण्याच्या चालीवर हॉर्न वाजवत गेला.

हा आवाज मला पाठ आहे. तांब्यात फोन ठेवून ऐकलेला आहे.

आचल नळावर होती. मला पाहिलं, ओढणी डोक्यावर घेतली आणि आत न बघताच म्हणाली, अहो, बाबा आले. देवानंद बाहेर आला, पाया पडला आणि सायकल घेऊन निघून गेला. त्याच्यामागून धनराज आला. बनियनवर. हातावर ठिणग्यांचे डाग, डोळ्यांच्या कडा काळ्या. वाळला आहे. फेब्रुवारीतच आला, मॉलमधून बोलला त्याच रात्रीच्या विमानाने. इथे डंपर दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात वेल्डिंग करतो.

मी काय बोललो असेन? मी म्हटलं, तो आवाज रोज याच वेळी होतो का?

विचारायचं वेगळं होतं. तोंडातून हे निघालं.

धनराज म्हणाला, हाव बाबा, खाणीतला सुरुंगाचा बार आहे. मी मुद्दामहून नाई केलं. एक डाव तो आवाज आला आन् तुमी ग्रुपवर टाकून देल्लं, मंग आता सांगू कसं? सगळे मले फोन करून हासत होते. मीच सांगतलं, बाबाले कोणी काई बोलू नका. फ्लेक्स बी मीच काढाले लावला, पत्रूभाऊच्या हातानं.

मी विचारलं, तिकडे खरंच काही पडलं होतं? त्याने बनियन वर केली. कमरेच्या वर, बाजूला, बोटाएवढा वण. काचेचा.

फोनवर सांगायला काय झालं होतं, मी म्हटलं. तो म्हणाला, सांगत होतो बाबा. तुमी म्हनलं, गोळी घे.

आचलने पाणी आणून ठेवलं. कोणीच घेतलं नाही. मग त्याने खिशातून फोन काढला. तीन-चार दिवसांपासून बिघडला होता, आज सकाळीच दुरुस्त होऊन आला. म्हणाला, तुमचा निरोप ऐकलो. वापस ये वाला. मी वाट बघत राहिलो की आता हा हसेल, नाहीतर रडेल. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, फेब्रुवारीत म्हनाले पायजे होतं.

घरी चल म्हणालो. म्हणाला, येतो, पन आज नाई. कधी, ते विचारायचा धीर झाला नाही. ऑटोपर्यंत सोडायला आला. ऑटो सुटताना माझा दुपट्टा नीट तोंडावर ओढून दिला, धूळ आहे म्हणाला.

मला पाहून देवका काय म्हणेल, माहीत आहे. काही म्हणणार नाही. ते जास्त वाईट.

१२ एप्रिल

'दुजोरा' बंद केला. बंद करण्यापूर्वी शेवटचं बातमीपत्र पाठवायचं होतं, मजकूर जमला नाही.

१३ एप्रिल, सकाळी

टपरीवर गेलो. टीव्हीवर तीच बाई, ठिकाण अ चे पंधरा दिवस पुन्हा सुरू झालेत. फ्लेक्स पत्रूने लाकडांवर पांघरला आहे, चित्राची बाजू आत करून. मी आलो तसं त्याने टीव्हीचा आवाज बारीक केला. भैयाजीने बाकावर जागा करून दिली. मी खर्रा घेतला.

पत्रूने न विचारता चहा पुढे ठेवला. मग भैयाजीने नेहमीप्रमाणे विचारलं, काय बातमी शालिकभाऊ?

मी म्हटलं, धनराज घुग्घुसला आहे.

भैयाजी म्हणाला, हाव, आहे.

पत्रूकडे पाहिलं. तो किटलीकडे बघत म्हणाला, आहे भाऊ.

दोन स्वतंत्र सूत्रं. बातमी खरी मानायला हरकत नाही.